काळजी करशील म्हणून

जूनच्या शेवटी मी कॉलेजला आले तेव्हा काखेत कुबडी होती. जिन्यात, कँटीनमध्ये, लायब्ररीच्या दारात निदान तीसजणांनी विचारलं, ‘काय गं, काय झालं?’ आणि मी तिसांनाही एकच उत्तर दिलं, ‘काही नाही, जरा मुरगळला.’ घोट्याचं हाड मोडलं होतं. पण ‘काही नाही’ हे शब्द तोंडातून इतके आपोआप निघाले की माझं मलाच आश्चर्य वाटलं. हा लेख त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या, उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरातली तीन माणसं दवाखान्यात जाऊन आली. एप्रिलमध्ये पप्पा, मेमध्ये मी, जूनमध्ये आजी. तिघंही आता बरे आहोत. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर ज्या सवयीबद्दल मी तक्रार करणार आहे तीच मी तुमच्याशी वागताना वापरल्यासारखं होईल. ती सवय म्हणजे घरच्यांना काळजी वाटू नये म्हणून आजार, अपघात, दुखणं लपवणं. ‘तू काळजी करशील म्हणून सांगितलं नाही’ हे वाक्य आपल्याकडे प्रेमाचा पुरावा मानलं जातं. यामागे प्रेम असतं हे मला मान्यच आहे. पण या उन्हाळ्यानंतर माझं ठाम मत झालंय की हे प्रेम माणसाला एकटं पाडतं, आणि कधी कधी जिवावरही बेतू शकतं.

थोडं घराबद्दल. आम्ही मूळचे श्रीरामपूरकडचे. पप्पा १९९२ मध्ये कामाच्या शोधात सुरतेला आले आणि तिथलेच झाले. पांडेसऱ्याच्या एका डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये ते मेंटेनन्सला आहेत. राहतो उधन्याला. आमच्या गल्लीत निम्मी घरं खानदेशी आहेत, त्यामुळे घरात नगरी मराठी, गल्लीत अहिराणी, दुकानात गुजराती आणि शाळेत इंग्रजी असं माझं बालपण गेलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नाइट शिफ्टला पप्पांच्या छातीत दाबल्यासारखं झालं. डाव्या खांद्यात कळ आणि दरदरून घाम. सोबतच्या कारागिराने निदान केलं, ‘गॅस हशे, सोडा पी ल्यो.’ पप्पांनाही ते पटलं, कारण गॅस हा आपला राष्ट्रीय आजार आहे आणि त्याने कोणाची रजा बुडत नाही. सोडा प्यायले, शिफ्ट पूर्ण केली आणि स्वतः स्कूटर चालवत घरी आले. मम्मीने दार उघडलं, घामाने चिंब झालेलं बनियन बघितलं आणि त्यांना बसूही न देता रिक्षात घातलं. ईसीजी झाला, हार्ट अटॅक निघाला. सकाळी अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट बसवला.

नंतर डॉक्टरांनी जे सांगितलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. हृदयाचं दुखणं आणि पोटाचं दुखणं अनेकदा सारखंच जाणवतं, घरबसल्या त्यातला फरक कळत नाही. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कधी छातीत दुखतही नाही. नुसती मळमळ, जबड्यात किंवा पाठीत कळ, दम लागणं एवढंच होतं. छातीदुखीचा माणूस दवाखान्यात पोचला की दहा मिनिटांत त्याचा ईसीजी व्हावा असा वैद्यकीय संकेत आहे, इतका वेळ महत्त्वाचा असतो. पप्पांनी सोड्याच्या बाटलीवर पाच तास घालवले होते.

त्या वेळी मी मुंबईत होते आणि परीक्षा चालू होती. मला कोणी काही सांगितलं नाही. अकरावीतल्या धाकट्या भावाला तर मम्मीने बायबलवर हात ठेवायला लावून गप्प केलं होतं. ईस्टरला व्हिडिओ कॉल झाला. मम्मीने फोन असा धरला होता की पप्पांचा फक्त चेहरा दिसत होता. मनगटाची काळीनिळी जागा फ्रेमच्या बाहेर होती. दुसऱ्या दिवशी, २१ एप्रिलला, पोप फ्रान्सिस गेले. त्या संध्याकाळी मी आणि मम्मी अर्धा तास फोनवर बोललो, रडलोसुद्धा. १४ फेब्रुवारी ते २३ मार्च ते रोमच्या रुग्णालयात होते. त्या दिवसांत व्हॅटिकनकडून त्यांच्या तब्येतीची पत्रकं येत. दोन्ही फुप्फुसांना न्यूमोनिया आहे, रात्र कशी गेली, ऑक्सिजन किती लागतोय, हे जगाला कळत होतं. आजीने आमच्या गल्लीतल्या रोझरीला त्यांच्यासाठी रोज एक जास्तीचं गूढ म्हटलं होतं. म्हणजे बघा, रोमच्या एका वृद्ध माणसाच्या फुप्फुसांची मला तपशीलवार माहिती होती, आणि माझ्या बापाच्या हृदयात स्प्रिंग बसवलीय हे माहीत नव्हतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात परीक्षा संपवून सुरतेला उतरले. स्टेशनवर पप्पा आले नव्हते, भाऊ आला होता. ‘नाइट होती,’ म्हणाला, पण माझ्याकडे बघून नाही. घरी आले तर फ्रिजवर गोळ्यांचा नवा डबा, सोमवार ते रविवार असे कप्पे असलेला. मी विचारलं, ‘हे कोणाचं?’ सगळे एकदम गप्प. मग मम्मीने पदर डोळ्यांना लावला आणि मला तीन आठवडे उशिरा कळलं.

मी खूप भांडले. पप्पा शांतपणे म्हणाले, ‘तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? रक्तवाहिनी उघडली असतीस का?’ त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. ते दोन दिवसांनी मम्मीकडून मिळालं. भांडी लावता लावता ती सहज बोलून गेली की ऑपरेशनच्या आधी तिच्याकडून दोन पानांवर सह्या घेतल्या. पानं इंग्रजीत होती. मम्मी सातवी शिकलेली, मराठी वाचते, गुजराती कसंबसं. तिने शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी बाईला विचारलं, ‘यात काय लिहिलंय?’ त्या बाईलाही येत नव्हतं. मग मम्मीने क्रूसाची खूण केली आणि सह्या केल्या.

मी साहित्याची विद्यार्थिनी आहे. दिवसभर इंग्रजी वाचते आणि मराठीत समजावून सांगते, तोच माझा अभ्यास आहे. माझ्या आईला आयुष्यात एकदाच त्याची खरी गरज पडली, दोन पानांपुरती, आणि ती दोन पानं फोटो काढून मला पाठवणं तिला सुचलं नाही. कारण मला काही कळू द्यायचं नव्हतं. पप्पांचा प्रश्न बरोबर होता, रक्तवाहिनी मी उघडली नसती. पण माझी आई त्या बाकावर एकटी बसली नसती.

एवढं भांडून झाल्यावर मी काय केलं असेल? तेच. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही चार मैत्रिणी साल्हेरला गेलो. घरी सांगितलं, ‘सापुताऱ्याला जातोय, एक दिवसाचीच पिकनिक.’ साल्हेर नाशिक जिल्ह्यात, बागलाणात, डांगच्या सीमेला लागून आहे. १५६७ मीटर उंचीचा हा महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला. १६७२ मध्ये याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. माझ्या परतण्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, युनेस्कोने ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं त्यांत साल्हेरही आहे. सुरतेच्या शाळेत मराठी मुलीला ‘तुम्ही आमचं शहर लुटलं’ हे वर्षातून चारदा ऐकावं लागतं. त्यामुळे त्या वाटेवरचा हा किल्ला बघायची मला लहानपणापासून हौस होती. पप्पांची तब्येत अशी असताना गडाचं नाव काढलं तर त्यांना टेन्शन येईल, म्हणून खोटं बोलले. कारण तेच, काळजी करतील.

त्या मे महिन्यात अवकाळी पाऊस लागून राहिला होता. चढताना ऊन होतं. वर परशुरामाच्या देवळापर्यंत गेलो, जेवलो. उतरताना सर आली. कातळातल्या पायऱ्या संपून वाट मुरमाची झाली, तिथल्या घसाऱ्यावर माझा पाय सुटला. पंधरा-वीस फूट घसरत गेले आणि उजवा पाय दोन दगडांमध्ये अडकून वळला. हाड मोडल्याचा आवाज येतो हे मी पुस्तकात वाचलं होतं. खरोखरच येतो.

चौघींच्याही फोनला रेंज नव्हती. एक मैत्रीण खाली वाडीत धावत गेली, दोघी माझ्याजवळ थांबल्या. दीड तासाने गावातली सहा माणसं बांबू आणि घोंगडी घेऊन आली. झोळी करून त्यांनी मला खाली नेलं, पावसात, अनवाणी पायांनी, कुठेही न आपटता. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी वाटेत विचारलं, ‘घर सांगीसन उनी का, बाई?’ आमच्या गल्लीची भाषा. घरी सांगून आलीस का? मी मान खाली घातली. बाबा काही बोलले नाहीत, फक्त झोळी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

खाली जीपमध्ये बसल्यावर मैत्रिणीने विचारलं, ‘घरी कोणाला कळवू?’ वेदनेने डोळ्यांपुढे अंधारी येत होती, तरी मी म्हणाले, ‘कोणालाच नको.’ वडलांना फोन करून त्यांचं हृदय आणखी बिघडवायचं नव्हतं. शेवटी प्लॅस्टर घालून रात्री अकराला दारात उभी राहिले. पप्पांनी प्लॅस्टर बघितलं, मला आत घेतलं, पाणी दिलं. मग म्हणाले, ‘आम्ही संध्याकाळपासून सापुताऱ्याला फोन लावतोय. भाऊ तुझा बसस्टँडला जाऊन आला. तिथल्या पोलिसांना विचारलं.’ फोन लागत नाही म्हणून ते शोधत राहिले होते, पण चुकीच्या डोंगरावर.

‘१२७ अवर्स’ हा सिनेमा तुमच्यापैकी अनेकांनी बघितला असेल, ए. आर. रहमानचं संगीत असलेला. त्यातली गोष्ट खरी आहे. एप्रिल २००३ मध्ये ॲरन राल्स्टन हा तरुण अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका घळीत एकटाच गेला. दगड निसटून त्याचा उजवा हात अडकला. पाच दिवसांनी त्याने स्वतःचा हात कापून सुटका करून घेतली. आपण त्याच्या धैर्याची गोष्ट सांगतो, आणि ते धैर्य होतंच. पण तो पाच दिवस तिथे राहिला यामागचं कारण फार साधं होतं. कुठे जातोय हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. डोंगरात जाणारे अनुभवी लोक दोर आणि पाण्याच्याही आधी एक गोष्ट सांगतात. कोणता गड, कोणती वाट, सोबत कोण, परत कधी, हे खाली कोणाला तरी लिहून द्या. मला वाटतं आजारपणालाही हाच नियम लावावा.

आता दुसरी बाजू. लपवणारे सगळे मूर्ख नसतात, हे मला आजीने शिकवलं. पप्पांवरून मी चिडचिड करत होते तेव्हा तिने मला १९९४ ची गोष्ट सांगितली. त्या सप्टेंबरमध्ये सुरतेत प्लेगची बातमी फुटली. काही दिवसांत लाखो माणसं मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली. कितीतरी खासगी डॉक्टरही निघून गेले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून संपल्या, पाण्यात विष घातलंय अशी अफवा उठली. पप्पा तेव्हा चोवीस वर्षांचे. रात्रीतून गावी आले. आणि आजीने त्यांना मागच्या खोलीत ठेवून गावाला सांगितलं, ‘पोरगा मुंबईहून आलाय.’ कारण सुरतेहून आलेल्याच्या घरातलं पाणी त्या महिन्यात कोणी प्यायलं नसतं. ‘खरं बोलले असते तर वाळीत टाकलं असतं,’ आजी म्हणाली. ‘तुला काय माहीत?’

खरंच, मला काय माहीत? आपल्या माणसांनी लपवायला शिकलं ते अनुभवातून. क्षयरोग, कुष्ठरोग, मानसिक आजार यांचं नाव काढलं की सोयरिकी मोडायच्या, भाड्याची खोली जायची. अजूनही हे पूर्ण संपलेलं नाही. त्यामुळे ‘सगळ्यांना सगळं सांगा’ असं मी म्हणणार नाही. पप्पांची बातमी फुटल्यावर नातेवाइकांच्या ग्रुपवर जे झालं त्याने मम्मी पार थकून गेली. दिवसाला वीस फोन, आणि प्रत्येकाकडे अर्जुनाच्या सालीचा वेगळा काढा. आजार कोणाला सांगायचा हा ज्याचा आजार आहे त्याचा हक्क आहे. माझं म्हणणं एवढंच, की प्रसंग आला तर जे धावणार आहेत, त्यांच्यापासून तरी लपवू नका.

आणि १९९४ नंतर सुरतेनेच एक धडा घेतला होता. १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. त्यांनी शहराचा कचरा उचलला हे सगळे सांगतात. कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी, की कोणत्या भागात किती जणांना ताप आलाय याची रोजची माहिती दवाखान्यांकडून महापालिकेकडे जाऊ लागली. ज्या शहराला प्लेगपेक्षा अफवेने जास्त पळवलं होतं, त्याला कळलं की आजार मोजला आणि सांगितला तर आवरता येतो. शहर हे शिकलं, आमचं घर शिकलं नव्हतं.

माझ्या प्लॅस्टरच्या दुसऱ्या रात्री आम्ही पाचजण जेवायला बसलो आणि पप्पांनीच विषय काढला. मग भावाने वहीचं एक पान फाडलं. त्यावर प्रत्येकाचं नाव, रक्तगट, चालू असलेली औषधं, कोणत्या औषधाची ॲलर्जी, जुनी ऑपरेशनं, डॉक्टरांचा नंबर असं सगळं लिहिलं. सगळ्यात खाली मोठ्या अक्षरांत ‘१०८’. ते पान फ्रिजवर चिकटवलं. लिहिताना कळलं की मम्मीचा रक्तगट घरात कोणालाच माहीत नाही, तिला स्वतःलासुद्धा. दुसऱ्या दिवशी तिची तपासणी करून आणली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी आजी उठेना. अंग घामाने गार पडलेलं, हाक मारली तर भलतंच काहीतरी पुटपुटत होती. मम्मी दुधाला गेली होती, पप्पा मिलमध्ये. घरात मी, माझं प्लॅस्टर आणि भाऊ. १०८ ला फोन केला. गुजरातमध्ये ही सेवा २००७ पासून आहे. गाडीतल्या माणसाने बोटातून रक्त घेऊन साखर तपासली. ३८ आली. ७० च्या खाली गेली तरी ती कमी समजतात. माणूस नीट शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची. गिळता येत नसेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्याने शिरेतून ग्लुकोज सुरू केलं आणि विचारलं, ‘माजी कई गोळी ले छे?’ भावाने फ्रिजवरचं पान काढून त्याच्या हातात दिलं. ग्लिमेपिराइड. ते नाव वाचून तो म्हणाला, आता शुद्धीवर आल्या तरी घरी ठेवू नका, या गोळीचा असर राहतो, साखर पुन्हा उतरू शकते. आजी दहा मिनिटांत बोलायला लागली आणि लगेच म्हणाली, ‘मला काही झालं नाही, घरीच राहते.’ ते पान नसतं तर आम्ही कदाचित तिचं ऐकलं असतं. ती एक रात्र दवाखान्यात राहिली, आणि रात्री दोनला तिची साखर खरंच पुन्हा उतरली.

साखर का उतरली? आठवडाभर तिला जेवण जात नव्हतं. गोळी वेळेवर घ्यायची आणि ताटातलं हळूच मांजराला घालायची. का सांगितलं नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, ‘घरात आधीच दोन पेशंट. तिसरीची भर कशाला?’

मी तिला रागावू शकले नाही. त्या वाक्यात माझी आई होती, माझे वडील होते आणि जीपमध्ये बसलेली मीही होते. आम्ही सगळे एकमेकांना ओझं व्हायला घाबरत होतो. आमच्या पॅरिशचे फादर आजीला भेटायला आले तेव्हा सहज बोलले, ‘एकमेकांचा भार वाहा असं आपण वाचतो आजी, पण तुम्ही भार दाखवलाच नाही तर ही पोरं वाहणार काय?’ आजी हसली. दुसऱ्या दिवसापासून जेवण गेलं नाही तर सांगते. जरा जास्तच सांगते, पण चालेल.

आपल्यापैकी निम्मेजण घर सोडून इथे शिकायला आलेत. कोणी वसईहून, कोणी कोकणातून, कोणी माझ्यासारखे राज्याबाहेरून. रोज रात्री घरी फोन होतो. ‘जेवलीस का?’ ‘हो, तुम्ही?’ ‘हो. बाकी सगळं ठीक.’ मीही वर्षभर हेच बोलले. आज फोन कराल तेव्हा दोन प्रश्न जास्तीचे विचारा. गोळ्या कोणत्या चालू आहेत, त्यांची नावं वाचून दाखवा. आणि शेवटचं दवाखान्यात कधी गेला होतात? उत्तर ‘काही नाही गं’ असं आलं तर फोन ठेवू नका, पुन्हा विचारा. आणि त्यांनी तुम्हाला विचारलं तर तुम्हीही खरं सांगा. होस्टेलवर महिनाभर झोप लागत नाहीये, वजन उतरलंय, ट्रेकला निघालोय, जे असेल ते.

माझं प्लॅस्टर आता निघालंय. घोटा पावसात ठणकतो. काल पप्पांनी फोनवर विचारलं, ‘पाय कसा आहे?’ ‘काही...’ एवढं तोंडात आलं होतं. थांबले, आणि म्हणाले, ‘पप्पा, दुखतोय.’ ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘माझ्याही छातीत काल जिना चढताना जरा भरल्यासारखं झालं. उद्या डॉक्टरांना दाखवतो.’ आज सकाळी जाऊन आले. ईसीजी नीट आहे. त्यांनी त्याचा फोटो मला पाठवलाय.